भूमीचा वापर, मृदा आणि नदीजलाची गुणवत्ता : ऊर्ध्व भीमा खोऱ्याच्या संदर्भात विवेचन

प्रास्ताविक

नदीचे पाणी स्वच्छ आहे किंवा दूषित आहे असा निर्णय सामान्यतः नदीच्या काठावर उभे राहून दिला जातो. पाण्याचा नमुना पात्रातून घेतला जातो, त्याचे पृथक्करण केले जाते आणि दोषाचा शोध जवळच्या नाल्यात किंवा कारखान्यात घेतला जातो. ही पद्धत आवश्यक असली तरी अपुरी आहे. पात्रात वाहणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग पात्रात येण्यापूर्वी जमिनीवरून अथवा जमिनीतून प्रवास करून आलेला असतो आणि त्या प्रवासातच त्याचे रासायनिक स्वरूप बहुतांशी ठरते. म्हणून पाण्याच्या गुणवत्तेचा विचार पाणलोट क्षेत्रापासून, म्हणजेच तेथील खडक, मृदा आणि मनुष्याने केलेला भूमीचा वापर यांपासून सुरू करावा लागतो.

या संबंधाचे उदाहरण म्हणून उजनी धरणापर्यंतचे भीमेचे खोरे विशेष उपयुक्त आहे. त्याचे क्षेत्र जवळजवळ पंधरा हजार चौरस किलोमीटर असून त्यात घनदाट पावसाचे डोंगर, भातखाचरे, कोरडवाहू ज्वारीची काळी राने, कालव्याखालील ऊस आणि पुणे व पिंपरी-चिंचवड यांसारखी महानगरे एकाच जलप्रवाहाला पाणी देतात. या पाण्यावर उजनीचे लाभक्षेत्र व सोलापूर शहर अवलंबून आहे, आणि पंढरपुरास हीच भीमा चंद्रभागा म्हणून लक्षावधी वारकऱ्यांच्या स्नानाची व आचमनाची नदी होते. वरच्या अंगास जमिनीचे जे केले जाते त्याचे फळ खालच्या अंगास कोणाच्या वाट्यास येते, हा प्रश्न येथे केवळ सैद्धांतिक राहत नाही.

खडक, पर्जन्य आणि मृदा

संपूर्ण खोरे दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे आहे. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी-उद्रेकांतून हे थर साचले. खडक सर्वत्र जवळजवळ एकच असूनही मृदा मात्र एक नाही. याचे मुख्य कारण पर्जन्यमानातील विलक्षण फरक होय. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षास तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेस दौंड-इंदापूर भागात तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो.

माथ्यावरील अतिवृष्टीने विद्राव्य द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. हाच जांभा व त्यापासून झालेली तांबडी, किंचित आम्लधर्मी मृदा. उतारांवर उथळ मुरमाड जमीन आढळते. पूर्वेकडील सखल भागात, जेथे धुपून जाण्याइतके पाणी नव्हते तेथे, कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम जमिनीतच राहिले आणि स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीने समृद्ध अशी खोल काळी मृदा तयार झाली. तिच्यात चुनखडीचे खडे सापडतात आणि तिचा सामू सामान्यतः साडेसातच्या वर असतो.

पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्ल असते. मृदेत मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने या वायूचे प्रमाण हवेतल्यापेक्षा कितीतरी वाढते. असे पाणी बेसाल्टमधील खनिजांवर क्रिया करते व कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सिलिका आणि बायकार्बोनेट घेऊन बाहेर पडते. मानवी हस्तक्षेप नसता तरी भीमेचे पाणी याच घटकांचे राहिले असते. ही पार्श्वभूमी ध्यानी घेतल्याशिवाय कोणता घटक निसर्गाचा व कोणता मनुष्याचा हे सांगता येत नाही.

मृदा काय धरून ठेवते आणि काय सोडते

मृदेतील चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळे कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम यांसारखे धनभारित आयन कणांच्या पृष्ठभागी धरले जातात. नायट्रेट ऋणभारित असल्याने मात्र त्यास असा आधार मिळत नाही. ते पाण्याबरोबर खाली पाझरते. शेतात घातलेला युरिया प्रथम अमोनियममध्ये आणि नंतर जीवाणूंच्या क्रियेने नायट्रेटमध्ये रूपांतरित होतो. म्हणजे धरला जाणारा नत्र काही दिवसांतच निसटणारा नत्र बनतो.

स्फुरदाची गोष्ट याच्या उलट आहे. जांभ्या मृदेत तो लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांशी आणि चुनखडीच्या काळ्या मृदेत कॅल्शियमशी बांधला जातो. पाण्यात विरघळून तो थोडाच जातो. तो प्रवास करतो तो मुख्यतः मातीच्या कणांवर बसून. यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो. नत्राच्या हानीचा मार्ग मुख्यतः पाझराचा, तर स्फुरदाच्या हानीचा मार्ग मुख्यतः धुपीचा आहे. एकाच उपायाने दोन्ही थांबतील अशी अपेक्षा ठेवणे त्यामुळे सयुक्तिक नाही. शेतातील अपधाव अडवून पाणी जमिनीत जिरविल्यास गाळ व स्फुरद थांबतात. पण खताचा अतिरेक तसाच राहिल्यास तेच जिरलेले पाणी नायट्रेट विहिरीत पोचविते.

काळ्या मृदेचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. उन्हाळ्यात ती आकुंचन पावून तिला खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून, मधल्या मातीस फारसे न शिवता, वेगाने खाली जाते व पृष्ठभागी साचलेले क्षार आणि नायट्रेट सोबत नेते. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग अत्यल्प होतो. मग त्याच शेतातून पाणी वरून वाहू लागते व गाळ नेते. एकच शेत जूनमध्ये एका प्रकारचे आणि सप्टेंबरमध्ये दुसऱ्या प्रकारचे पाणी देते. वर्षातून एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वनाच्छादित डोंगर व भातखाचरे

वनातील मृदेवर पालापाचोळ्याचे आवरण असते. थेंबांचा आघात त्यावर होतो, मातीवर नाही. पाणी सच्छिद्र थरातून सावकाश उतरते आणि झाडांची मुळे विद्राव्य पोषकद्रव्ये पुन्हा उचलून घेतात. हे चक्र तोडल्यास काय होते याचा सर्वात प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रुक येथे झाला. तेथे १९६५ सालच्या अखेरीस एका लहान पाणलोट क्षेत्रातील सर्व झाडे तोडण्यात आली, लाकूड जागच्या जागी ठेवण्यात आले आणि तणनाशके वापरून नवी वाढ रोखण्यात आली. ओढ्यातील नायट्रेटचे प्रमाण चाळीस पटींहून अधिक वाढले आणि पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेत मान्य असलेल्या मर्यादेपलीकडे गेले. कॅल्शियम व पोटॅशियमही कित्येक पटींनी वाढले. त्या क्षेत्रात कोणीही खत घातले नव्हते. वनस्पतींचे आवरण नाहीसे होणे एवढेच कारण पुरेसे ठरले.

सह्याद्रीचे हवामान व वनस्पती निराळ्या असल्याने तेथील आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु तत्त्व लागू पडते, आणि उतार व पावसाचा जोर पाहता धुपीच्या बाबतीत ते अधिकच लागू पडते. मावळातील पारंपरिक भूमिवापराने या धोक्यास अंशतः उत्तर दिले होते. भातखाचरांचे बांध डोंगराचे पाणी टप्प्याटप्प्याने थांबवितात आणि गाळ खाचरातच बसतो. खाचरातील पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसल्याने जीवाणू नायट्रेटचे वायुरूप नत्रात रूपांतर करतात. म्हणजे खाचर हे नत्राचे गाळणेही ठरते. उलटपक्षी, वरकस उतारावरील नांगरट आणि राब भाजण्यासाठी केलेली झाडांची छाटणी मृदा उघडी पाडीत असे. अलीकडे याच उतारांवर रस्ते, खाणी व बांधकामासाठी डोंगर कापण्याचे प्रमाण वाढले आहे. असे उघडे मुरमाचे काप पहिल्याच पावसात ओढ्यांना तांबडा रंग देतात. धरणांच्या लगतच्या उतारांवर ते झाल्यास गाळास वाटेत थांबण्यास जागाच उरत नाही.

डोंगरपट्ट्याचे दुसरे कार्य खालचे पाणी विरल करणे हे होय. येथील क्षार कमी असलेले विपुल पाणी खालच्या प्रवाहातील दोष सौम्य करते. परंतु या पाण्याचा एक भाग विसाव्या शतकाच्या आरंभापासून खोऱ्याबाहेर, कोकणात उतरविला जात आहे. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील जलविद्युत केंद्रांसाठी इंद्रायणी, आंध्रा, मुळा इत्यादी नद्यांच्या शिरोभागी धरणे बांधून पाणी पश्चिमेकडे वळविण्यात आले. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून झालेला सत्याग्रह जमिनीच्या हक्कासाठी होता. गुणवत्तेच्या दृष्टीने पाहता असे दिसते की, त्या वळणाने खोऱ्याने काही पाणी गमावले आणि गमावलेले पाणी सर्वात स्वच्छ होते.

कोरडवाहू पट्टा : उघडी जमीन आणि गाळ

पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात खोल काळ्या जमिनी परंपरेने खरिपात पड ठेवून, कुळवून, सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बी ज्वारीची पेरणी करतात. पाऊस बेभरवशाचा असताना जमिनीत ओल साठवून त्यावर पीक काढण्याची ही पद्धत शहाणपणाची आहे. तथापि तिचा एक परिणाम असा की, या भागात जो मोठा पाऊस सप्टेंबरमध्ये होतो तो उघड्या, भुसभुशीत आणि आधीच फुगलेल्या मातीवर पडतो. याच वेळी धूप सर्वाधिक होते.

सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले तेव्हापासून अपधाव व धूप यांची मोजणी हा त्याचा महत्त्वाचा भाग राहिला आहे. मुंबई प्रांताने १९४२ साली जमीनसुधारणेचा कायदा केला व बांधबंदिस्तीचा कार्यक्रम हाती घेतला. अनुभव असा आला की, मध्यम व हलक्या जमिनीत उपयोगी पडणारे समतल बांध खोल काळ्या जमिनीत टिकत नाहीत. बांधास भेगा पडतात, वरच्या अंगास पाणी तुंबते आणि शेवटी बांध फुटून साऱ्या हंगामाचा गाळ एकदम ओढ्यात जातो. अशा जमिनीस पाणी मंद गतीने बाहेर काढणारे ढाळीचे बांध आणि सुरक्षित गवताळ सांडवे मानवतात. उपाय मृदेस विचारून करावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

धुपून जाणारी माती ही सरासरी माती नसते. वाहत्या पाण्याबरोबर प्रथम बारीक कण व सेंद्रिय द्रव्य जाते, आणि स्फुरद त्यांच्यावरच बसलेला असतो. म्हणून गाळातील स्फुरदाचे प्रमाण मूळ शेतातल्यापेक्षा अधिक आढळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने जे सर्वात मोलाचे तेच जलाशयाच्या दृष्टीने सर्वात घातक ठरते.

कालव्याखालील ऊस : क्षार आणि नायट्रेट

मुठा कालव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात आणि नीरा डाव्या कालव्याने १८८५ सालापासून या कोरड्या पट्ट्यात बारमाही पाणी आणले. पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले. उसास वर्षास दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी लागते, आणि येथे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो. उरलेले पाणी कालव्यातून किंवा विहिरीतून येते व आपल्याबरोबर क्षार आणते.

साधे गणित पाहावे. सिंचनाच्या पाण्यात दर लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार असल्यास, म्हणजे पिण्यासही योग्य अशा पाण्यात, आणि वर्षास दीड मीटर खोलीचे पाणी दिल्यास, एका हेक्टरवर १५,००० घनमीटर पाण्याबरोबर ६ टन क्षार येतात. पीक पाणी उचलते, क्षार बहुतेक मागे ठेवते. पाण्याचा चार-पंचमांश भाग बाष्परूपाने गेला तर उरलेल्या एक-पंचमांश पाण्यात क्षारांचे प्रमाण पाचपट, म्हणजे लिटरला २,००० मिलिग्रॅम होते. हे पाणी निचऱ्याने बाहेर गेले नाही तर भूजलाची पातळी वर येते, केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागी येतात आणि जमीन खारवट होते.

येथे बेसाल्टच्या पाण्याचा स्वभाव आणखी एक भर घालतो. पाणी आटत जाताना कॅल्शियम प्रथम चुनखडीच्या रूपाने बाहेर पडतो. त्यामुळे उरलेल्या द्रावणात सोडियमचे सापेक्ष प्रमाण वाढते. सोडियम चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा घेतो, कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात आणि जमीन पाणी घेईनाशी होते. शेतकरी जिला चोपण म्हणतो ती ही जमीन. दख्खनच्या कालव्यांखाली जमिनी पाणथळ व चोपण होत असल्याचे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच अभियंत्यांच्या लक्षात आले होते.

तिची सुधारणा शक्य आहे : जिप्सम घालून सोडियम सुटा करणे, ताग किंवा धैंचा गाडणे, आणि चर काढून खारे पाणी बाहेर नेणे. परंतु चरातून निघालेले पाणी ओढ्यात व ओढ्यातून नदीत जाते. नीरेच्या कालव्यांखालील निचरा नीरेत येतो, नीरा नरसिंहपूर येथे भीमेस मिळते आणि भीमा पंढरपुराकडे जाते. एकाची जमीन सुधारताना दुसऱ्याचे पाणी बिघडते, ही या प्रश्नातील खरी अडचण होय. ती टाळण्याचा मार्ग क्षार बाहेर काढण्यापेक्षा कमी क्षार आत आणणे हा आहे. ठिबक सिंचनाचे महत्त्व केवळ पाण्याच्या बचतीत नसून क्षारांची आयात कमी करण्यात आहे.

नत्राचे गणितही असेच आहे. सुरू उसासाठी शिफारस केलेली नत्राची मात्रा हेक्टरी २५० किलो, तर आडसाली उसासाठी ४०० किलो आहे. सुरू उसाच्या मात्रेपैकी एक-पंचमांश, म्हणजे ५० किलो, पिकास न लाभता २,५०० घनमीटर निचऱ्याच्या पाण्यात गेला असे धरल्यास त्या पाण्यात दर लिटरला २० मिलिग्रॅम नत्र येतो. नायट्रेटच्या स्वरूपात हे सुमारे ८८ मिलिग्रॅम होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. अधिक नायट्रेटयुक्त पाण्यामुळे तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, ही गोष्ट १९४५ सालापासून वैद्यकशास्त्रास ज्ञात आहे. बागायती गावात पिण्याची विहीर बहुधा याच शिवारात असते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

नगरे : मृदेविना वाहणारे पाणी

शहरात मृदा सिमेंट व डांबराखाली जाते. पाणी मुरत नाही, गाळले जात नाही, आणि रस्त्यावरील तेल, राख व मैला पहिल्याच सरीत नाल्यात जातो. त्याहून गंभीर बाब सांडपाण्याची आहे. मनुष्याच्या उत्सर्जनातून दरडोई दररोज साधारणतः सात ते दहा ग्रॅम नत्र आणि एक ग्रॅम स्फुरद बाहेर पडतो. पूर्वी हा मैला खतरूपाने शेतात परतत असे; आता तो नळांवाटे नदीत येतो.

२०११ सालच्या जनगणनेनुसार पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिकांची एकत्रित लोकसंख्या ४८ लाखांहून अधिक होती. या हिशेबाने प्रतिदिनी सुमारे ५ टन, म्हणजे वर्षास सतराशे-अठराशे टन स्फुरद उत्पन्न होतो. उजनीचा संपूर्ण साठा सुमारे ३,३२० दशलक्ष घनमीटर (११७ अब्ज घनफूट) आहे. वरील सर्व स्फुरद एका भरलेल्या साठ्यात विरघळला असे कल्पिले तर त्याचे प्रमाण लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर जाते. सरोवर अतिपोषित मानण्यासाठी लिटरला ०.०३५ मिलिग्रॅम एवढे प्रमाण पुरेसे समजले जाते. वाटेत निम्मा स्फुरद शुद्धीकरणाने, गाळाने वा सिंचनाने कमी झाला असे मानले तरी उरलेला भाग मर्यादेच्या सातपट भरतो. हे गणित ढोबळ असले तरी प्रश्नाचे परिमाण दाखविण्यास पुरेसे आहे. शिवाय सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कमी करणारी शुद्धीकरण यंत्रणा स्फुरदही काढतेच असे नाही. त्यासाठी निराळी प्रक्रिया लागते.

जलाशय : साऱ्या खोऱ्याचा जमाखर्च

१९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात वरील सर्व प्रवाह एकत्र येतात. वाहत्या नदीत जे दोष पुढे निघून जातात ते येथे स्थिर पाण्यात, उष्ण व लख्ख उन्हात साठतात. शैवालांच्या वाढीस कोणता घटक कारणीभूत होतो हे कॅनडातील एका सरोवरावर १९७३ साली दाखविण्यात आले. सरोवराचे मध्ये पडदा घालून दोन भाग केले गेले; एका भागात कार्बन व नत्र, तर दुसऱ्यात त्यांबरोबर स्फुरदही घातला. स्फुरद घातलेला भाग हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. काही नील-हरित शैवाल हवेतील नत्र स्वतःच स्थिर करू शकतात. म्हणून केवळ नत्र रोखून भागत नाही.

उजनीत उन्हाळ्यात दिसणारा हिरवा तवंग व जलपर्णी ही याच अतिपोषणाची लक्षणे होत. नील-हरित शैवालांच्या काही जाती विषारी द्रव्ये निर्माण करतात आणि पाण्यास दुर्गंध व चव आणतात. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचा भार त्यामुळे वाढतो. शैवाल मरून तळाशी कुजते तेव्हा तेथील प्राणवायू संपतो आणि गाळातील लोहाशी बांधलेला स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतो. म्हणजे वरून येणारा स्फुरद आज थांबविला तरी गेल्या अनेक वर्षांचा गाळ काही काळ तो पुरवीत राहणार. जलाशयाची स्मृती दीर्घ असते. विलंबाने केलेला उपाय त्यामुळे उशिराच फळतो.

उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, एकाच खडकाच्या खोऱ्यात पर्जन्य, मृदा व भूमिवापर यांच्या भेदाने पाण्याचे दोष निरनिराळे होतात : डोंगरात गाळ, कोरडवाहू रानात गाळासह स्फुरद, बागायतीत क्षार व नायट्रेट, नगरांत सेंद्रिय द्रव्य व पोषकद्रव्ये. म्हणून सर्व खोऱ्यास एकच उपाय सांगणे अशास्त्रीय ठरेल. दुसरा असा की, मोजणी ऋतुमानानुसार व्हावयास हवी. पहिला पाऊस, सप्टेंबरचा पूर आणि उन्हाळ्यातील क्षीण प्रवाह हे तिन्ही न पाहता दिलेला निर्णय अपुरा राहील. तिसरा असा की, ओढ्याकाठची गवत-झाडोऱ्याची पट्टी, मृदापरीक्षणानुसार विभागून दिलेले खत, मोजके पाणी आणि सांडपाण्यातील स्फुरदाचे निष्कासन हे उपाय परस्परांना पूरक आहेत. त्यांतील एकही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

शेवटचा निष्कर्ष प्रशासनाशी संबंधित आहे. भूमीचा वापर ठरविणारे अधिकारी, शेतकरी व नगरपालिका एका ठिकाणी असतात, आणि त्याचा परिणाम भोगणारे दुसऱ्या ठिकाणी. जिल्ह्याची व तालुक्याची सीमा पाणी ओळखत नाही. ते केवळ उतार ओळखते. म्हणून जमाखर्चाचा एकक जिल्हा न धरता पाणलोट क्षेत्र धरले, तरच पंढरपूरच्या घाटावरील पाण्याचा हिशेब मावळातील उतारांवर, नीरेकाठच्या उसात आणि पुण्याच्या गटारांत कोठे कोठे लिहिला जातो हे स्पष्ट दिसू शकेल.